रिकामा रकाना

आर्हुसहून मुलीचा फोन, दर रविवारी, जेवणं झाल्यावर.
"बाबा, तुझी पावलं दिसतात, झोप दिसते,
तेवढा एक रकाना अजून रिकामा आहे.
दमसास. तुझा दमसास मला दिसत नाही."

मी म्हटलं, मलाही दिसत नाही, मार्युन,
जिना चढताना ऐकू येतो फक्त.
ती हसली नाही.

एकतीस वर्षं मासेमारी बोटीच्या पोटात
इंजिनं सांभाळली मी.
काटा शून्यावर पडून राहिला तर दोनच गोष्टी:
तेल संपलंय,
किंवा काट्याकडे येणारी नळी तुंबलीय.
आधी नळी बघायची.
घाबरायचं नंतर.

पट्टा एक भोक आवळला.
डाव्या मनगटावर नांगर गोंदवलेला,
एकोणिसाव्या वर्षी, परक्या बंदरात, पैजेवर.
घड्याळाचा हिरवा उजेड त्या शाईत बुडत होता.
उजव्या हातात बांधलं.
मी कुठे आहे हे त्याला कळू द्यायची परवानगी दिली.
आणि नुसतं चालून भागत नाही म्हणे,
आधी बटण दाबून सांगायचं की चालतोय,
मग वीस मिनिटं, न थांबता.
जन्मभर न सांगता चाललो,
आता सांगून चाललो.
घड्याळ ताकास तूर लागू देईना.

दुकानातला बार्दुर, कानात बाळी, बोटांत भुताची चपळाई,
म्हणाला, "सपाट जमीन हवी, हानुस.
चढावर ते गोंधळतं आणि हिशेबच सोडून देतं."

सपाट!
आमचं चर्च उतारावर, शाळा उतारावर,
बटाट्याचे वाफे उतारावर,
मेंढ्यांचे तर दोन पाय आखूड असावेत असा संशय,
आणि आमची मेलेली माणसंसुद्धा
समुद्राकडे पाय करून जराशी तिरपीच निजलेली.
म्हटलं, बेटाखालचा बोगदा?
"तिथे आकाश नाही," बार्दुर म्हणाला.

उरलं फुटबॉलचं मैदान.
डोंगर फोडून, समुद्रात भराव घालून केलेलं,
प्लास्टिकच्या गवताचं,
गावातली एकुलती एक सरळ रेघ.
पोरींचा सराव चालू, मी कडेकडेनं.
एका बाजूला वाऱ्यावर रेलून चालायचं,
दुसऱ्या बाजूला वारा मानगूट धरून पळवायचा.
गोलकीपर ओरडायची, "हानुस, ऑफसाइड!"
मी हात वर करून चूक मान्य करायचो.

चार संध्याकाळी.
काही नाही.

पाचव्या रात्री चष्मा लावून
माझीच माहिती पहिल्यापासून वाचली.
जन्मसाल बरोबर. उंची बरोबर. वजन, बरं, जवळपास.
खाली एक प्रश्न:
हृदयाची गती रोखणारं औषध घेता का?
मी लिहिलं होतं, नाही.

कॉफीच्या डब्यामागे पांढरी गोळी, रोज सकाळी एक.
इंजिनाला गव्हर्नर बसवतात ना,
कितीही रेटा, त्यापुढे फेरे जात नाहीत,
तशी ती बसलेली माझ्या छातीत.
आणि घड्याळ बिचारं वाट बघत होतं,
आता वाढतील ठोके, आता वाढतील.
नळी मीच तुंबवली होती.

"हो" वर बोट ठेवायला
एक अख्खी कॉफी गार झाली.

गुरुवारी, मैदानाच्या नवव्या फेरीनंतर, आकडा आला.
एकवीस.
खाली बारीक अक्षरात: कमी.
त्यात वाऱ्याचा हिशेब कुठे धरलाय, ते शोधलं.
नव्हता धरलेला.

रविवार नसताना फोन वाजला.
"आला, बाबा! दिसतोय!"
मग जरा थांबून, "कमी आहे रे."
मी म्हटलं, मार्युन, एक गोळी आहे.
"कधीपासून?"
मागच्याच्या मागच्या मार्चपासून.

ती काही बोलेना.
मागे तिच्या स्वयंपाकघरात नळ वाहत होता,
तिनं तो बंद केला.

मग म्हणाली,
"झोपताना पट्टा सैल कर तेवढा.
कातडीला वारा लागू दे."