तिथीची पाऊणपट

जयगडच्या बर्फ-कारखान्याच्या गच्चीवर एक डिश,
खाडीपल्याड, तवसाळच्या दवाखान्यावर दुसरी.
इकडच्या जाळ्यातून तिकडच्या जाळ्यात
ईसीजी जायचे, रक्ताचे रिपोर्ट.
आता काही जात नव्हतं.
"जातं," सकिना होडेकर फोनवर म्हणाली,
"पण कुर्ली चालते तसं."

मी चढले. खारानं हिरवा पडलेला कनेक्टर कापला.
केबल बदलली, चॅनल बदललं,
कावळ्याची शीट खरवडली.
दोन्हीकडचे राउटर बंद करून चालू केले,
(हे न करता उतरलं तर लोकांना वाटतं
काही केलंच नाही).
स्पीड आला. चाळीस.
कारखान्यातल्या धाकूनं चहा पाजला.
सव्वादोनला पुन्हा दोन.

मॅनेजर म्हणाले, त्या नव्या ट्रॉलरचं रडार.
कंपाउंडर म्हणाला, माडाची झावळ.
रत्नागिरीहून साहेब म्हणाले, रीस्टार्ट करून बघ.

मग आठ दिवस सकिना मला आकडे वाचून दाखवत राहिली.
उणे एकसष्ट. उणे चौसष्ट.
"उणे एक्याऐंशी गो!"
दवाखान्यामागेच तिची खोली. मधेच जाऊन
डाळीत मीठ घालायची, मुलावर ओरडायची,
परत येऊन: उणे एकोणऐंशी.
चेहरा पाहिलेला नव्हता मी तिचा,
पण कुठल्या आकड्याआधी ती श्वास घेते
ते कळायला लागलं.

सव्वादोन. तीन. पावणेचार. साडेचार.
वाईट वेळ रोज पाऊण तास पुढे सरकत होती,
आणि सातव्या दिवशी आलीच नाही.

फेरीबोटीचा दोर गुंडाळता गुंडाळता
गजा पालशेतकरांनी माझ्या वहीत डोकावलं.
"भरतीच्या वेळा कशाला लिवल्यास?
तिथीची पाऊणपट कर. चवथीचे तीन, षष्ठीचे साडेचार.
आता भांग आहे, पाणी चढत नाही.
पुनवेला बघ."

मी धक्क्यावरच बसले.
एक लहर सरळ जाते.
दुसरी वाकून पाण्यावर आपटते, उसळते,
आणि पोचते तीही, जरा उशिरा, तेच शब्द घेऊन.
दोघी एकाच दारात. एक दुसरीला पुसते.
सुकतीला चिखल दुसरीला पिऊन टाकतो,
तेव्हा चाळीस.

सगळे म्हणत होते, डिश वर घे.
मी ती नऊ फूट मागे ओढली,
कठड्यापासून आत, टाकीच्या बाजूला.
धाकूला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.
डिशच्या उंचीवर डोळा धरून उकिडवी बसले:
तवसाळ दिसत होतं.
खाडी कठड्याआड गेली होती.

पुनवेच्या दुपारी पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला.
"सांग."
"थांब, भात उतरवते."
पाटणीवरून एक बगळा उडाला, परत बसला.
"उणे बासष्ट."
श्वास न घेता.

तक्रारीच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो.
केबल, वीज, यंत्र, इतर.
मी 'इतर' निवडलं, पुढे लिहिलं: पाणी.
संध्याकाळी साहेबांचा फोन,
"डिशमध्ये शिरलं का?"