विजोड

माद्रिदमधल्या एका दुकानाच्या काचेत
तेच बूट परत आलेत.
पांढरे, कडेला निळा पट्टा,
टाचेवर तोच तो बावळट लाल त्रिकोण.
किंमत वाचून मी मोठ्यानं हसले.
शेजारी उभा असलेला पोरगा
दोन पावलं बाजूला सरकला.

आम्ही एल्चेचे.
तिथल्या खजुरांची गणती पालिकेकडे आहे,
बूट शिवणाऱ्या बायकांची कुणाकडेच नव्हती.
कार्रूसमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरात
आईचं यंत्र जेवणाच्या टेबलाहून मोठं.
सकाळी नार्सिसो मोपेडवरून गोणी आणून टाकायचा.
गोणीत नुसते तुकडे: जिभा, टाचा, कडा,
जणू कुणी बुटांचा खून केलाय
आणि पुरावा लपवायला आमच्याकडे दिलाय.
संध्याकाळपर्यंत आई त्यांना माणसांत आणायची.
जोडीमागे नऊ पेसेटा. सही नाही, करार नाही,
रेडिओवरची मालिका तेवढी फुकट.
आमच्या मसुरांनासुद्धा सोल्युशनचा वास यायचा.

मला मिळाले ते नापास झालेले.
डावा अडतीस, उजवा एकोणचाळीस.
'पाय काय बोलतात का एकमेकांशी?' आई म्हणाली.
उजव्याच्या नाकात मी वर्तमानपत्र कोंबलं,
फुटबॉलचं पान; ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात
दुसरं काही छापतच नव्हते.
रविवारी रात्री खडू घासून पांढरे करायचे,
सोमवारी दुपारपर्यंत ते टिकायचं.
पळताना एक पाय थप्प,
एक पाय थ
प्प.
जिन्यावरून मी येतेय हे
अख्ख्या शाळेला न बघता कळायचं.

हिनेसचे मात्र दुकानातले, खोक्यातले, पातळ कागदात गुंडाळलेले.
तो डबक्यांना वळसा घालायचा,
बसमध्ये गर्दी असली की पाय अधांतरी धरायचा.
एकदा त्यानं ते भिंतीशी काढून ठेवले.
मी हात घातला. चोरायला नाही.
(बरं, थोडं चोरायलाही.)
जीभ उलटी केली
आणि आत, शिवण संपते तिथे,
उलटे टाके. तीन.

गोणीच्या हिशेबात दोनच बसायचे.
तिसरा आईचा.
दोनावर तिचा भरवसा नव्हता.
बाबा स्वित्झर्लंडला गेले तेव्हा
तिनं त्यांच्या कोटाचं बटणसुद्धा तसंच लावलं होतं.
बटण टिकलं असेल.

बूट होता तिथे ठेवला.
शर्यतीत मी हिनेसच्या मागे राहिले, मुद्दाम,
आणि मैदानभर बघत राहिले
माझी आई
दुसऱ्याच्या पायात पळतेय.

घरी सांगितलं.
तिनं दिवा जवळ ओढला, डोळा बारीक करून
सुईत दोरा ओवला, मग विचारलं,
'उसवलंय का कुठे?'
'नाही.'
'मग झालं.'

पुढे तिची बोटं बधिर झाली. सोल्युशन वगैरे.
पेन्शनच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं,
कासिल्दाबाई, नोकरी कुठे होती?
ती त्याच्या पायांकडे बघत होती,
टेबलाखाली, वाकून,
सवयीनं.

मी दुकानात शिरले.
मुलीनं माप विचारलं. तोंडातून गेलं:
अडतीस आणि एकोणचाळीस.
'एकाच मापाचा येतो जोडा, सेन्योरा,' ती म्हणाली,
चांगल्या आवाजात, शिकवल्यासारखी.
जिभेखाली बोट घातलं.
टाके दोन, सरळ, देखणे,
कुणाचेच नाहीत.

घेतले नाहीत.
पन्नाशी उलटली, तरी उजवा पाय अजून
जमिनीवर जरा उशिरानं पोचतो.
मेट्रोचा जिना उतरले,
थप्प, थ
प्प.
कुणी वळून पाहिलं नाही.