डाव्या हातासाठी

ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्लीत, जिना चढून गेल्यावर,
डेन्झिलने दोन पियानो शेजारी शेजारी मांडले.
एक सात किलोचा, बॅटरीवर चालणारा.
दुसरा साडेअकरा, त्याला वायर लागणारच,
पण पट्टी दाबली की आत काहीतरी हलतं,
जड दाराचा अडसर सरकावा तसं.

“दोन्ही पोर्टेबल आहेत, आंटी,
हा तर खांद्याला लावा आणि कुठंही न्या.”

कुठंही.
अडतीस वर्षं पेटी उचलली आहे मी,
मुलुंडची बारशी, गिरगावातल्या एकसष्ट्या,
गच्चीवरचे कोजागिरीचे जलसे,
दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी.
कुणाची काळी पाच, कुणाची पांढरी चार,
कुणाचा घसा बसला म्हणून ऐनवेळी अर्धा सूर खाली.
मणक्यात चौथ्या-पाचव्याच्या मध्ये
डॉक्टर पेनने दाखवतात ती जागा
म्हणजे हेच सगळं.

हलक्यावर एक बटण आहे.
दाबलं की अख्खी पट्टी सरकते,
बोटं जिथल्या तिथं.
मी ते तीनदा दाबून पाहिलं.
जे शिकायला मला आठवीपासून लग्नापर्यंतची वर्षं लागली
ते तिथं, आवाजाच्या चकतीशेजारी,
तिळाएवढं.
राग नाही आला.
थोडी भूक लागली.

मग डेन्झिलने कानांवर हेडफोन चढवले
आणि मी जडापुढे बसले.
उजव्या हाताने यमनमधलं काही सोपं घेतलं.
सूर आला आणि निघालाही.
धरून ठेवता येईना.
पेटीतला सूर भात्यात हवा असेतो उभा राहतो,
हा पाय टाकतो तोच परतीचा.
आणि डावा हात
मागच्या बाजूला गेला होता, रिकाम्या हवेत,
उघडझाप करत,
भाता चाचपत.
इतकी वर्षं वारा घालून
एक सूर नाही त्याच्या नावावर.

अच्युतला बाहेर ऐकू येत होतं
ते नुसतं खटखट, खटखट.
“टायपिंगच्या परीक्षेला बसलीस की काय?” म्हणाला.

सगळी गणितं हलक्याच्या बाजूने.
चार हजारांनी स्वस्त, कपाटावर मावणारा,
लालबागला आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही,
खाली गवाणकरांच्या आई, त्यांना झोप म्हणजे नावालाच,
आणि जडाचा ठोका फरशीतून उतरतो
हे डेन्झिलने स्वतःहून सांगितलं, भला मुलगा.
“सेकंड इन्स्ट्रुमेंट म्हणून हलकाच घेतात, आंटी.
न्यायला-आणायला.”

न्यायला-आणायला माझी पेटी आहे की.
कुणी बोलावलं तर ती जाईल, मीही जाईन मागोमाग.
हे दुसरं
घरीच बसलं पाहिजे.
कुणाच्या तानेमागे धावायचं नाही,
कुणी श्वास घ्यायला थांबलं तर जागा भरायची नाही.
“जड द्या,” म्हटलं.
अच्युतने आधी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आता तो शिलाई मशीनच्या टेबलावर आहे.
स्टँड पुढच्या महिन्यात.
पेडल फरशीवरून पळतं म्हणून खाली पायपुसणं,
आणि माझा पाय सवयीने
त्यावर शिवणच घालतो, टकटकटक,
मग लक्षात येतं की हे दाबून ठेवायचं असतं.

साडेदहाला भांडी आवरून
उजवा हात मांडीवर ठेवला, तिथंच राहा म्हटलं.
डाव्याने, करंगळीने,
खर्जातला एक सा.
पाय दाबलेला.
तो गेला कुठवर ते मी ऐकत राहिले,
फ्रिजच्या घरघरीत कधी मिसळला कळलं नाही.
पुन्हा एक.

गवाणकरांकडून अजून काठी वाजलेली नाही.