कमी उजेडात वाढते

खराडीच्या दुकानात, पोछे आणि बादल्यांच्या मधल्या रॅकवर
ते उभं होतं ट्यूबलाइटखाली,
जिला मावळणं माहीत नाही.
कुंडीत खोचलेली चिठ्ठी: अर्धा सूर्य, त्यावर ढग,
खाली ‘कमी उजेडात वाढते’. एकशे नव्याण्णव.
माझ्याबद्दलच लिहिल्यासारखी मी ती वाचली
आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आलो नऱ्ह्यापर्यंत.

एक खिडकी, ती डक्टकडे.
समोर पाइप, पाइपावर पारवा,
पारव्याच्या वर वीतभर आभाळ.
एप्रिल गेला, नवं पान नाही.
मग देठ लांबत गेले, बारीक, फिके,
गजांकडे वळलेले,
रांगेत मागं उभा माणूस मान उंचावतो तसे.
पिवळं पडलं एक पान. मी पाणी वाढवलं.
दुसरं पडलं. अजून वाढवलं.

रविवारी उरुळीच्या रस्त्यावर, रोपवाटिकेत
कामठेबाईंनी पान उलटं केलं,
नखानं देठ खरवडला.
“वाढत नाही बाळा हे, तग धरतं.
मरायला वेळ लावतं, एवढंच खरं त्यात.”
मी चिठ्ठी दाखवली.
त्या हसल्या. “पोत्यानं येतात.
आमच्या पोरी हाताला लागेल ती खोचतात.
तू असं कर, बारा वाजता कोऱ्या कागदावर हात धर.
सावलीला कड आली, तर उजेड.”

कोरा कागद म्हणून सापडली भाडेकराराची मागची बाजू.
बारा वाजता हात धरला.
करड्यावर करडं काहीतरी,
डाग धुऊन उरतो तसं.
पाच बोटं वेगळी मोजता येईनात.
फोनमध्ये एजंटाची जाहिरात अजून होती:
हवेशीर, भरपूर उजेड, नोकरदारास प्राधान्य.
त्यालाही कुणी पोत्यानंच दिली असेल.

कुंडी गच्चीवर नेली, पाण्याच्या टाकीआड.
घरमालक म्हणाले, ठेवा, पण गळती झाली तर तुम्ही बघायचं.
तिथल्या सावलीलासुद्धा कड आहे.
तेराव्या दिवशी एक कोंब,
गुंडाळी करून ठेवलेल्या पावतीसारखा.
मी बराच वेळ त्याच्यापाशी उकिडवा बसलो,
मग कपडे वाळत घालायला कुणी आलं,
म्हणून खाली.

रात्री करमाळ्याहून आईचा फोन.
“खोलीत उजेड येतो ना रे?”
मी आधी ट्यूब लावली.
“येतो की,” म्हणालो. “भरपूर.”