रुस्तावीचा गाडीबाजार

विकणारा म्हणाला, पेट्रोल आहे, धूर नाही, कुरकुर नाही.
नुगझारने ऑइलची पट्टी पुसली, हुंगली
आणि गप्प राहिला. तो असा गप्प राहिला की मला कळतं.

मी मागचा गालिचा उचलला.
खाली बारीक, वाळलेला गाळ,
कुठल्या देशातल्या कुठल्या पुराचा, देव जाणे.

पुढची गाडी कुरूप. दाराला पोचा,
काटा दोन लाखांच्या पुढे, पण खरा.
गार इंजिन पहिल्याच किल्लीला बोललं.
मागच्या काचेवर, आतून,
नखाने अर्धा खरवडलेला
जिराफ.

“स्टिकर काढून देते,” मालकीण म्हणाली.
तेकलेने तोवर पट्टाही लावला होता.

“राहू दे,” आम्ही दोघं एकदम म्हणालो,
आणि मग उगीच, रीत म्हणून,
पन्नास लारींसाठी अर्धा तास हुज्जत घातली.