समासातली पेन्सिल

झुगदिदीच्या वाचनालयात
त्सिउरी इतिहास शेवटाकडून वाचते.
आधी सूची. सूचीत गावाचं नाव,
नावापुढे एकच पान, दोनशे चौदा.
त्या पानावर गाव
दोन स्वल्पविरामांच्या मधून निघून जातं
सैन्य जातं तसं, न थांबता.

कादंबरीत मात्र गाव ऐसपैस.
संत्र्यांच्या बागा, कुत्र्यांनासुद्धा नावं,
नायिकेला निरोप घ्यायला अख्खं प्रकरण.
त्सिउरीला हसू येतं.
आम्ही मक्याची घोमी चुलीवर ठेवून निघालो,
झाकणही न घालता.

'नदीवर दगडी पूल होता,'
लेखक ठोकून देतो.
ती पेन्सिल काढते.
पण समासात आधीच कुणीतरी
बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात :
लाकडी. आठ फळ्या.

कोण असेल?
अलीकडचं, की पलीकडचं?
फळ्या मोजत पूल ओलांडणारं माणूस
एकतर फार लहान असणार
नाहीतर रात्रीचं, चाचपडत.

मग त्याखाली, हलक्या हाताने, ती :
आधी नऊ होत्या.
नववी आम्ही जाळली, जानेवारीत.
बाळ गारठलं होतं.

पुस्तकाची मुदत पुढच्या शनिवारपर्यंत.
ती आजच परत करते.