सातव्या प्रकरणाच्या तीन प्रती

हिराजी मढवी दुकानात आले
ते कापडी पिशवीत एकशे बारा पानं घेऊन.
ऐरोली, सेक्टर आठ, गाळा नंबर तीन:
झेरॉक्स, लॅमिनेशन, भाडेकरार, पासपोर्ट फोटो.
"तीन प्रती," म्हणाले. "एक युनिव्हर्सिटीला,
एक नातवाला,
एक असू दे."

मशीन तापेपर्यंत त्यांनी मला विश्व सांगितलं.
"जगात ओढ नाय, बाय. नुसती ढकल हाय."
पिठाहून बारीक कण सगळ्या अंगांनी आदळत असतात.
दोन वस्तू समोरासमोर आल्या
की एकमेकींचा आडोसा होतात,
मधून मार कमी, पाठीवर जास्त,
म्हणून सरकतात जवळ.
आपण त्याला वजन म्हणतो.
खाडीची भरतीसुद्धा त्यांनी अशीच बसवली होती,
पान एकोणीस ते चोवीस, निळ्या शाईत.

मी बारावीला फिजिक्समध्ये छत्तीस मार्कांची.
मला पटलं.

वडील मिठागरात. जमीन गेली तेव्हा
बदल्यात ह्यांना रबाळ्याच्या कंपनीत लावलं,
प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायच्या मशीनवर.
थंडीत रोलला हात लागला की कोपरापर्यंत झटका.
फिल्म माणसाला चिकटायची,
फिल्म फिल्मपासून फुगून पळायची.
तांब्याची झालर लावून ती वीज जमिनीत सोडायची,
हे त्यांचं काम.
"एकतीस वर्षं जिला जमिनीत पुरली
तीच पुस्तकात आडवी आली."

कारण आडोसा फक्त जवळ आणतो.
कंगव्याने कपटे उचलले, आडोसा म्हणा.
पण एकाच लोकरीवर घासलेले दोन फुगे
दोऱ्याला टांगले की तोंडं फिरवतात.
तेच कण, तीच ढकल,
ह्या जोडीला मिठी आणि त्या जोडीला भांडण
हे कणाला कोण सांगतं?

म्हणून भोवरे.
दिवा गावच्या जेट्टीवर भरती उलटताना बसून पाहिलेले,
डावा भोवरा, उजवा भोवरा,
अकरा पानं, बाणांसकट.

त्यातलं एक मी ट्यूबलाइटसमोर धरलं,
शाई पाझरलीय का बघायला.
"काका, मागून हा उलटा फिरतो."

त्यांनी पान घेतलं. पुढून. मागून.
परत पुढून.
एक मुलगा आधारकार्डाच्या दोन्ही बाजू काढून गेला,
पाच रुपये सुट्टे नव्हते त्याच्याकडे.
"म्हंजे इकडनं बघितला तर धन, तिकडनं ऋण."
"तसं असतं का?"
"नसतं, बाय. रोलच्या कुठल्याबी अंगाला उभी र्‍हा,
झटका तोच."

अकरा पानं घडी घालून पिशवीत.
फाडली नाहीत.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी परत आले.
प्रकरण सातवे. मथळा, खाली दोन ओळी:
हे मला सुटलं नाही.
ज्याला सुटेल त्याने पुढे लिहावे.
आणि मागे दहा कोरी पानं.
"हीपण काढ. तीन तीन."
"कोऱ्याचे पैसे कशाला, काका?"
"जागा सोडलीय ती दिसाया पायजे."

मशीनच्या पोटात ड्रम असतो, मेकॅनिकने दाखवलाय मला.
त्याच्यावर वीज चढते, उजेड ती पुसतो,
उरते तिथे काळी पूड धरते.
मी काही बोलले नाही.
ते झाकणावर हात ठेवून उभे होते.
"हिच्या पोटातपण तीच बसलीय," म्हणाले.
"बापानं जन्मभर मीठ उपसलं ना,
त्याचा खडापण हिच्याच जिवावर."

कोरी पानं कोरीच आली,
एखाददुसरा काळा ठिपका सोडून.
हवा कोरडी होती, कागद गरम,
सोडवताना चर्र वाजत होतं,
माझ्या मनगटावरची लव उभी राहिली.
शेवटची दोन काही केल्या सुटेनात.
एक कोपरा त्यांनी धरला, एक मी,
आणि ओढली.